गेटवरचा माणूस ‘थांबा’ म्हणू शकेल अशी व्हिजिटर पॉलिसी

अ‍ॅडमिनचं काम नव्यानं अंगावर आलं की लवकरच एक मेल येतो. मोठ्या ग्राहकाचं ऑडिट ठरलंय, व्हिजिटर पॉलिसीची प्रत पाठवा. मग कुठून तरी लांबलचक इंग्रजी मसुदा मिळतो, त्यात कंपनीचं नाव बदललं जातं, वर लोगो चिकटतो आणि फाइल तयार होते. ऑडिटर खूश. गेटवर मात्र काल जे चाललं होतं तेच आज चालू राहतं, कारण गेटवरच्या माणसानं तो कागद पाहिलेलाच नसतो.

हा लेख पुणे परिसरात भोसरी, चाकण, तळवडे, रांजणगावकडच्या लहान-मध्यम युनिटमध्ये किंवा बाणेर, खराडी, हिंजवडीच्या ऑफिसात हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. अनोळखी माणसासाठी पॉलिसी फारशी लागत नाही, त्याला वॉचमन आपसूक अडवतो. पॉलिसी लागते ती ओळखीच्या माणसासाठी. मालकांचा मेहुणा, नोकरी सोडून गेलेला पण सगळ्यांशी हसून बोलणारा जुना सुपरवायझर, वर्षानुवर्षं माल पुरवणारा आणि ‘अरे, मी नेहमीचाच’ म्हणत सरळ स्टोअरपर्यंत जाणारा सप्लायर. यांना ‘साहेब, दोन मिनिटं थांबा’ म्हणायचं बळ वॉचमनला ज्या कागदातून मिळतं, तो कागद आपल्याला लिहायचाय.

पायरी 1: लिहायच्या आधी गेटवर बसा

आठवडाभर वेगवेगळ्या वेळी केबिनमध्ये जाऊन बसा. सकाळची शिफ्ट आत येताना, जेवणाच्या सुट्टीत, दुपारी माल उतरताना, संध्याकाळी अंधार पडल्यावर. वहीत फक्त एवढंच लिहा: कोण आलं, कुणाकडे, काय घेऊन आलं, काय घेऊन गेलं, आणि त्याला आत जा असं कोण म्हणालं.

यादी तुमच्या अंदाजापेक्षा लांब होईल. कुरिअर, जेवणाचे डबे, पाण्याचे जार, महावितरणचा मीटर बघणारा, भंगारवाला, टेम्पोचा ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर, माल उतरवायला आलेले माथाडी, मशीन दुरुस्तीचा इंजिनिअर, पीएफचं काम बघणारे सल्लागार, क्रेडिट कार्ड विकणारे, मुलाखतीला आलेली मुलं. गणपतीच्या आधी वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन येणारी मंडळाची पोरं, दिवाळीला पोस्त मागायला येणारे. आणि चहावाला. चहावाल्याला कुणी व्हिजिटर धरतच नाही, पण दिवसातून दोनदा तो थेट डिझाइनच्या टेबलांपर्यंत जातो, जिथे ग्राहकाची ड्रॉइंग उघडी पडलेली असतात. तुमच्या ग्राहकाचा ऑडिटर हे पहिल्या फेरीतच टिपेल.

पाचवा प्रश्न, म्हणजे ‘आत जा’ कोण म्हणालं, सगळ्यात महत्त्वाचा. बऱ्याच ठिकाणी त्याचं उत्तर ‘कुणीच नाही, तो गेला’ असं निघतं.

पायरी 2: गट पाडा, पण थोडे

चारपेक्षा जास्त गट पाडले तर वॉचमनच्या लक्षात राहत नाहीत. मला पुरेसे वाटतात ते असे.

गेटपर्यंतचे: कुरिअर, जेवण घेऊन येणारी मुलं, वर्गणीवाले, विक्रेते. वस्तू गेटवर किंवा रिसेप्शनला द्यायची, घेणाऱ्यानं खाली यायचं.

रिसेप्शन आणि मीटिंग रूमपर्यंतचे: ग्राहक, सप्लायर, बँकेचे लोक, उमेदवार.

आत कामाच्या जागेपर्यंतचे: ऑडिटर, मशीन इंजिनिअर, कंत्राटदाराचे कामगार, चहावाला, सफाईवाले.

सरकारी अधिकारी: यांचे नियम वेगळे, त्याबद्दल पुढे.

प्रत्येक गटाला वेगळ्या रंगाचा बिल्ला द्या. रंगाचा फायदा असा की शॉपवरच्या (म्हणजे मशीन चालतात त्या भागातल्या) कुठल्याही ऑपरेटरला लांबून कळतं की हा माणूस इथे असायला हवा की नको. बिल्ल्यावर नाव मोठं नसलं तरी चालेल, पण तारीख हवी. नाहीतर परवाचा बिल्ला खिशात ठेवून माणूस आज परत येतो.

डिलिव्हरीवाल्या मुलांबद्दल एक सांगायचंय. गेटच्या पुढे नाही हे ठीक, पण एप्रिल-मेच्या उन्हात त्यांना रस्त्यावर उभं ठेवू नका. केबिनशेजारी सावली, बाकडं आणि पिण्याचं पाणी ठेवा, आणि वॉचमनचं टॉयलेट वापरू द्या. ‘डिलिव्हरीवाल्यांनी लिफ्ट वापरू नये’ असली पाटी लावून सुरक्षा वाढत नाही, फक्त आपली पत कळते. उमेदवारांचंही तसंच. लातूर-सोलापूरहून रात्रीच्या एसटीनं आलेला मुलगा मुलाखतीच्या दोन तास आधी पोचतो, बऱ्याचदा वडील सोबत असतात. त्यांना कुठे बसवायचं हे पॉलिसीत एका ओळीत लिहा, म्हणजे वॉचमनला दर वेळी फोन करून विचारावं लागत नाही.

पायरी 3: प्रत्येक पाहुण्याला एक यजमान

सगळ्या पॉलिसीचा कणा एका वाक्यात आहे: आतून कुणी ‘हो’ म्हटल्याशिवाय कुणी आत यायचं नाही, आणि ज्यानं ‘हो’ म्हटलं तो पाहुणा बाहेर पडेपर्यंत जबाबदार.

शक्यतो आदल्या दिवशी यजमानानं गेटला नाव, वेळ आणि गाडीचा नंबर कळवावा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असेल तर तोही चालतो, पण त्या ग्रुपमध्ये शंभर माणसं नकोत. न कळवता कुणी आलं तर वॉचमन आत फोन करेल. यजमान फोन उचलत नसेल तर पुढे कोण, त्याच्यापुढे कोण, अशी दोन नावं गेटवर लिहून ठेवा. इथेच बहुतेक पॉलिसी कोसळतात. साहेब मीटिंगमध्ये, पाहुणा तापलेला, वॉचमन एकटा. मग तो सोडून देतो.

यजमानानं पाहुण्याला रिसेप्शनहून न्यायला यायचं आणि परत सोडायलाही यायचं. ‘सरळ जा, डावीकडे वळा, तिसरी केबिन’ हे बंद. परत सोडण्याचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. पण माणूस जाताना चुकून कुठल्या दारातून आत डोकावतो ते तेव्हाच कळतं.

पायरी 4: रजिस्टरमध्ये काय विचारायचं

नाव, कुठून आले, कुणाला भेटायचं, मोबाइल, आत आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सोबतच्या वस्तू (लॅपटॉप, पेनड्राइव्ह, टूलबॉक्स), बिल्ल्याचा नंबर. एवढ्यावर भागतं. वडिलांचं नाव, घरचा पत्ता, जन्मतारीख असे रकाने छापील रजिस्टरात असतात म्हणून भरून घेतले जातात. त्यांचा उपयोग काय, हे विचारून पाहा. उत्तर मिळालं नाही तर रकाना खोडा.

उघड्या रजिस्टरची मोठी अडचण ही की दहाव्या क्रमांकावर सही करणाऱ्याला वरच्या नऊ जणांची नावं, मोबाइल आणि कुणाला भेटले ते सगळं दिसतं. तुमच्याकडे दोन स्पर्धक सप्लायर एकाच दिवशी आले असतील तर तुम्ही एकाला दुसऱ्याची बातमी फुकट दिलीत. रिसेप्शनला बसलेल्या मुलाखतीच्या उमेदवार मुलीचा नंबर मागून आलेल्या कुणीही उतरवून घेऊ शकतो. उपाय स्वस्त आहे: प्रत्येकासाठी सुटी स्लिप, भरली की खोक्यात. किंवा लिहायचं काम वॉचमननंच करायचं आणि वही आपल्याकडे वळवून ठेवायची.

ओळखपत्र पाहा, ठेवून घेऊ नका. आधारची झेरॉक्स तर मुळीच मागू नका. सर्वोच्च न्यायालयानं 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात आधार कायद्याच्या कलम 57 मधला, खासगी कंपन्यांना आधार वापरण्याची मुभा देणारा भाग रद्द केला. कुणी स्वतःहून आधार दाखवलं तर नाव आणि फोटो बघून परत द्या, नंबर लिहून घेऊ नका. ड्रायव्हिंग लायसन्स किंवा त्यांच्या कंपनीचं कार्ड यावर काम होतं.

आता टॅबवर नोंदणी करणारी अ‍ॅप आली आहेत: फोटो, ओटीपी, छापील बिल्ला. सोय चांगली आहे, पण त्याबरोबर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 येतो. हा कायदा डिजिटल स्वरूपातल्या माहितीला लागू होतो. कागदी वही त्यात थेट येत नाही, पण तीच वही महिन्याच्या शेवटी कुणी एक्सेलमध्ये चढवली की येते. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत दिली आहे. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. लहान युनिटला एवढा दंड होईल असं नाही, पण अ‍ॅपवाल्याला तीन प्रश्न विचाराच: माहिती कुठे साठते, कोण पाहू शकतं, आणि आम्ही सांगितल्यावर ती पुसली जाते का.

टॅबच्या शेजारी मराठीत एक सूचना ठेवा. ग्राहकानं मागितली तर इंग्रजीतही हवी. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी असं कायदाच सांगतो, आणि मराठी त्यात आहेच. मजकूर साधा:

‘आपलं नाव, मोबाइल आणि भेटीची वेळ सुरक्षेसाठी आणि आग वगैरे आपत्तीत माणसं मोजण्यासाठी नोंदवली जाते. जाहिरातीसाठी वापरली जात नाही. माहिती दुरुस्त करायची किंवा काढायची असेल तर अ‍ॅडमिन विभागाशी बोला. आवारात सीसीटीव्ही आहे.’

आणि खरोखरच जाहिरातीसाठी वापरू नका. दिवाळीला सगळ्या व्हिजिटरांना शुभेच्छांचा मेसेज पाठवायची कल्पना मार्केटिंगला दर वर्षी सुचते. नाही म्हणा.

भरलेल्या वह्या किती दिवस ठेवायच्या तेही लिहा. ग्राहकाच्या करारात किंवा कायद्यात वेगळी मुदत नसेल तर एक वर्ष ठीक, मग फाडून नष्ट. रद्दीवाल्याला देऊ नका. हजारो मोबाइल नंबर किलोच्या भावानं जातात.

पायरी 5: आतले नियम, म्हणजे जीव आणि ड्रॉइंग

कारखान्यात पाहुण्याला सगळ्यात मोठा धोका त्याच्या कपड्यांचा आणि उत्साहाचा असतो. ओढणी, पदर, सैल बाही, गळ्यातलं लोंबतं ओळखपत्र फिरत्या मशीनजवळ नको. रिसेप्शनला पाहुण्यांसाठी सेफ्टी शूज किंवा बुटांवर चढवायच्या स्टीलच्या टोप्या, गॉगल आणि हेल्मेट ठेवा. दोन-तीन मापांत ठेवा, नाहीतर ते फक्त शोभेला. पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालायचं, फोर्कलिफ्टला आधी जाऊ द्यायचं, कशाला हात लावायचा नाही. हे दोन मिनिटांत तोंडी सांगा. गेटवर छापील पत्रक दिलं की माणूस त्याची घडी करून खिशात घालतो.

कंत्राटदाराच्या कामगाराला पाहुण्याचा बिल्ला पुरत नाही. वेल्डिंग, गॅस कटिंग, उंचीवरचं काम, विजेच्या पॅनेलमधलं काम असेल तर लेखी वर्क परमिट आणि तुमच्या मेंटेनन्सची सही. हे स्वतंत्र प्रकरण आहे, पॉलिसीत फक्त ‘परमिट नसेल तर आत नाही’ एवढं ठामपणे लिहा.

मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावायची पद्धत चाकणकडच्या वाहन उद्योगाच्या साखळीत नेहमीची आहे. लावा, पण जाताना स्टिकर अखंड आहे का ते कुणी तरी बघितलं पाहिजे. गोपनीयतेच्या करारावर सही मीटिंगच्या आदल्या दिवशी मेलवर घ्या. गेटवर उभं राहून पाच पानी करार वाचणारा मी अजून पाहिलेला नाही.

आत-बाहेर जाणाऱ्या सामानाला रिटर्नेबल (वस्तू परत येणार) आणि नॉन-रिटर्नेबल (परत न येणारी) गेटपास असतातच. पाहुण्याचं टूलबॉक्स येताना लिहून घेतलं नाही तर जाताना वाद होतो, त्यात वॉचमन हरतो. डिकी तपासायची तर सगळ्यांची तपासा, संचालकांचीसुद्धा. बाईंची तपासणी बाईंनीच करायची. महिला गार्ड नसेल तर तपासणीच नको.

आणखी एक गोष्ट साध्या शब्दांत लिहा. 2013 चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा पाहुण्यांच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी लागू होतो. बाहेरून आलेल्या माणसानं तुमच्या रिसेप्शनिस्टला त्रास दिला तरी तिला संरक्षण देणं मालकाची जबाबदारी आहे, आणि तुमच्या माणसानं मुलाखतीला आलेल्या मुलीला त्रास दिला तर ती नोकरीत नसली तरी तक्रार करू शकते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती असतेच. तिच्या सदस्यांची नावं आणि संपर्क रिसेप्शनला, पाहुण्याला दिसेल अशा जागी लावा.

पायरी 6: सरकारी माणूस आला तर

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ, भविष्य निर्वाह निधी, ईएसआयसी, अग्निशमन. यांना तपासणीचे कायदेशीर अधिकार आहेत आणि अडवणं महागात पडतं. वॉचमननं तीन गोष्टी करायच्या: नमस्कार, ओळखपत्र पाहून नाव आणि विभागाची नोंद, ताबडतोब ठरलेल्या माणसाला फोन. त्यांना रिसेप्शनमध्ये बसवायचं, गेटवर उभं करायचं नाही. फोनवरचं स्टिकर, गोपनीयतेचा करार असल्या अटी त्यांच्यापुढे आणू नका. मात्र सुरक्षेचे शूज-गॉगल त्यांनाही लागू, आणि त्याबद्दल कुणी अधिकारी नाराज होत नाही.

ओळखपत्र दाखवायला नकार देणारा ‘अधिकारी’ अधूनमधून येतो. त्यासाठी वॉचमनला एकच वाक्य द्या: ‘साहेब, कार्ड बघितल्याशिवाय सोडलं तर माझी नोकरी जाईल.’

पायरी 7: गुरुवार, रात्र आणि खंडेनवमी

पॉलिसी रोजच्या दिवसांसाठी लिहिली जाते आणि मोडते वेगळ्याच दिवशी. पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. शॉप बंद, म्हणून त्याच दिवशी रंगारी, इलेक्ट्रिशियन, क्रेनवाले, टाकी साफ करणारे येतात. यजमान घरी, आत परके लोक, गेटवर एकटा गार्ड. म्हणून नियम असा करा: सुट्टीच्या दिवशी काम असेल तर कंपनीचा एक माणूस प्रत्यक्ष हजर, आणि त्याचं नाव बुधवारी संध्याकाळी गेटवर लिहून ठेवलेलं. रात्रीच्या शिफ्टलाही हेच.

खंडेनवमी किंवा दसऱ्याला मशीनची पूजा होते, कामगार घरच्यांना घेऊन येतात, पोरं फोर्कलिफ्टवर बसून फोटो काढतात. हा दिवस बंद करू नका. आपला बाबा दिवसभर कुठल्या मशीनवर उभा असतो हे पोरांना बघायला मिळण्याचा तेवढाच एक दिवस. पण वेळ ठरवून द्या, मशीनचा मेन स्विच बंद करून कुलूप लावा, फोर्कलिफ्टच्या किल्ल्या ऑफिसात जमा करा, ग्राहकाचे नवे पार्ट आणि ड्रॉइंग आदल्या दिवशी झाका, मुलांसोबत घरचं मोठं माणूस सक्तीचं. एका कुटुंबाला एक स्लिप, त्यावर माणसांची संख्या. ऑफिसच्या गणपतीच्या आरतीलाही तीच पद्धत चालते.

वर्गणीबद्दल: रक्कम आणि कोण देणार हे मालकांकडून आधीच ठरवून घ्या आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांना गेटवरच सन्मानानं निरोप द्या. हा निर्णय वॉचमनवर सोडू नका. तो त्याच भागात राहतो.

पायरी 8: एका पानात लिहा आणि मालकांची सही घ्या

ऑडिटसाठी मोठी इंग्रजी प्रत असू द्या. खरी पॉलिसी मात्र एक पान, मोठ्या अक्षरात, मराठीत आणि हिंदीत, कारण गार्ड बिहार-उत्तर प्रदेशातलाही असू शकतो. सुरुवात अशी करता येईल:

‘कंपनीत येणाऱ्या प्रत्येकाची गेटवर नोंद होईल. यात संचालकांचे नातेवाईक, माजी कर्मचारी आणि नेहमीचे सप्लायर आले. आतून होकार आल्याशिवाय कुणालाही आत सोडलं जाणार नाही. या नियमामुळे कुणी नाराज झाल्यास सुरक्षा कर्मचाऱ्याला जबाबदार धरलं जाणार नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका, मालक कितीही म्हणाले तरी. खाली सही मालकांचीच हवी, अ‍ॅडमिनची पुरत नाही. आणि ज्या दिवशी पॉलिसी लागू होईल त्या दिवशी मालकांच्या घरचं कुणी आलं तर त्यांनी स्वतः स्लिप भरावी, हे आधी बोलून ठेवा.

बाहेरची पाटी लिहिताना हात आखडता घ्या. पुण्यात टोचरी पाटी लिहिण्याची हौस दांडगी, पण तुमच्या गेटवर लाखोंची ऑर्डर घेऊन ग्राहकही येतो. ‘कृपया नोंद करा, दोन मिनिटं लागतात’ एवढंच.

पायरी 9: गार्डची तयारी

सिक्युरिटी एजन्सीकडे 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायद्याखालचा परवाना आहे का ते पाहा. मग गार्डना घेऊन तासभर नाटक करा: तुम्ही चिडलेला सप्लायर व्हा, तुम्हीच मेहुणा व्हा, कार्ड न दाखवणारा साहेब व्हा. त्याला बोलायची वाक्यं पाठ करून द्या. ‘आत जाता येणार नाही’ याऐवजी ‘बसा, मी विचारून घेतो’ म्हटलं की निम्मे वाद होतच नाहीत. एजन्सी गार्ड बदलत राहते, त्यामुळे नवीन माणूस आला की हे पुन्हा.

केबिनच्या भिंतीवर आतले पाच महत्त्वाचे नंबर, 112, आगीसाठी 101, रुग्णवाहिकेसाठी 108, आणि आग लागली तर रजिस्टर उचलून असेम्ब्ली पॉइंटकडे (सगळ्यांनी बाहेर जमायच्या ठरलेल्या जागी) जायचं, ही सूचना लावा. मॉक ड्रिलमध्ये पाहुण्यांची संख्या रजिस्टरवरून मोजून घ्या. त्या दिवशी कळेल की ‘गेल्याची वेळ’ हा रकाना किती जणांचा रिकामा आहे. तो रिकामा असेल तर आग लागल्यावर आत नसलेल्या माणसाला शोधायला कुणाला तरी धुरात पाठवलं जाईल.

पेठेत दोन खोल्यांचं ऑफिस असेल आणि वॉचमनच नसेल तर यातलं बरंच गाळा: दाराला बेल, एक वही, एक यजमान, संध्याकाळी सहानंतर एकट्या कर्मचाऱ्यानं अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही. हिंजवडी-खराडीच्या आयटी पार्कात इमारतीची सुरक्षा वेगळी आणि तुमचं रिसेप्शन वेगळं असतं. तिथे पाहुण्याकडून तीच माहिती दोनदा घेतली जाते, म्हणून इमारतीच्या व्यवस्थापनाशी बोलून एक नोंद कमी करता येते का ते पाहा. व्हीलचेअरवरचा पाहुणा कुठल्या दारानं येईल हेही त्याच बैठकीत विचारून घ्या.

पहिले तीन महिने दर शनिवारी रजिस्टर चाळा. रिकामे रकाने, एकाच यजमानाकडे वारंवार येणारा माणूस, परत न आलेले बिल्ले. बिल्ले हरवले तर नंबर रद्द करून गेटला कळवा. नियम मोडणारा कोण, हे पाहताना पाहुण्याचं नाव बघू नका, ‘जाऊ दे रे, माझ्या ओळखीचा आहे’ असं आतून कोण म्हणालं ते बघा आणि बोलणं त्याच्याशी करा.